बसायचं काम

रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपाशी दिवा हिरवा व्हायची वाट बघत ती उभी होती, आणि पलीकडच्या घोळक्यात तिला एक म्हातारा दिसला. ती लगेच त्याचं माप घ्यायला लागली. ही तिची जुनी खोड. पंचवीस वर्षं चित्रं काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांना स्वस्थ बसणं माहीत नसतं. खांदे उतरते, डावा उजव्यापेक्षा बोटभर खाली. मान पुढे आलेली, पण पाठ ताठ. राखाडी स्वेटर, त्याची कोपरं घासून चकाकलेली. उन्हात कानाची पाळी लालबुंद दिसत होती आणि ती लाली त्या राखाडी माणसात अशी काही शोभत होती की तिनं मनातल्या मनात दोन रंग एकमेकांत कालवूनसुद्धा पाहिले. दिवा बदलला. दोन्हीकडची माणसं निघाली. बरोबर रस्त्याच्या मधोमध तो म्हातारा तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, “काय गं मुंगे, बघून न बघितल्यासारखं?”

तो तिचा बाप होता.

“ऊन डोळ्यांवर होतं हो अप्पा,” ती म्हणाली. ऊन तिच्या पाठीवर होतं. अप्पांनी मान डोलावली, “दोरी आणायला निघालोय, सामान बांधायचंय ना,” म्हणाले आणि निघून गेले. ती पलीकडच्या फुटपाथवर पोचली, पण कुठे जायला निघालो होतो तेच तिला आठवेना. दादाची बदली झाली होती. सात आठवड्यांनी दादा, वहिनी आणि त्यांच्याबरोबर अप्पा, सगळी रेल्वेनं एका दिवसाच्या अंतरावरच्या गावी जाणार होती. हे तिला महिनाभर माहीत होतं आणि महिनाभर तिनं ते मनाच्या एका कोपऱ्यात न उघडलेल्या पत्रासारखं ठेवून दिलं होतं. आता ते पत्र उघडलं. आपला बाप आपल्याला ओळखू आला नाही. गर्दी होती म्हणून नाही, अंधार होता म्हणून नाही, तर नीट बघितलं म्हणून. इतक्या वर्षांत अप्पांचा डावा खांदा खाली आहे हे तिला माहीत नव्हतं. परक्या माणसाचा म्हणून तो तिला पहिल्या नजरेत दिसला, आणि बापाचा म्हणून सत्तेचाळीस वर्षांत एकदाही दिसला नाही.

चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत ती परत आली. उत्तरेची मोठी खिडकी, भिंतीला टेकवलेली चित्रं, तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. सगळ्या चित्रांत घरं होती. रिकामे जिने, बंद दारं, दोन इमारतींमधली उन्हाची चिंचोळी पट्टी. लोक म्हणायचे, तुमच्या चित्रांत केवढी शांतता असते! असणारच. माणूसच नाही तर आवाज कोण करणार? नऊ वर्षं तिनं चेहरा रंगवला नव्हता. आई गेली त्या वर्षी तिनं आईच्या एका फोटोवरून तिचं चित्र केलं होतं. तीन महिने खपून, रडत, पुसत, परत करत. अप्पांसमोर ते ठेवलं. अप्पा चष्मा लावून जवळ गेले, लांब आले, पुन्हा जवळ गेले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “छान आहे. कोण ही?” दादा हसला, वहिनीनं विषय बदलला. ती मात्र ते चित्र काखेत मारून घरी आली आणि त्या दिवसापासून तिच्या चित्रांतली माणसं घर सोडून गेली.

संध्याकाळपर्यंत ती चित्राच्या चौकटीसाठी लाकडी पट्ट्या धुंडाळत होती. मग तिनं वहिनीला फोन केला. “अप्पांना रोज सकाळी तासभर माझ्याकडे पाठवशील? चित्र काढायचंय त्यांचं.”

“तासभर कशाला, दिवसभर ठेव बाई!” वहिनी म्हणाली. “बांधाबांधीनं डोकं उठवलंय माझं. काल अप्पांनी माझी चहाची भांडी खोक्यात घालून वर चार गाठी मारल्या. सोडवताना नख तुटलं.”

चित्राची सुरुवात चित्रानं होत नाही, सुतारकामानं होते. तिनं चार पट्ट्या जोडल्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत ना पाहिलं. कापड उलटं पसरून त्यावर चौकट ठेवली आणि प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्याकडे, समोरासमोर, एक ओढ इकडे, एक ओढ तिकडे, असं ते ताणत नेलं. घाई केली तर कापड एका अंगाला रुसतं आणि ती सुरकुती मरेपर्यंत जात नाही. शेवटी बोटानं टिचकी मारली तेव्हा कापड ढोलासारखं वाजलं. मग सरसाचा हात, तो वाळल्यावर पांढऱ्या रंगाचे तीन थर, दर थरानंतर पॉलिश पेपरनं हलकी घासणी. या कामात मन मोकळं राहतं, म्हणून मन जिथे जायचं तिथे जातं. ती नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती, आई आजारी होती, म्हणून अप्पा तिला कामावर घेऊन गेले होते. अप्पा लिफ्टचे मेकॅनिक. गच्चीवरच्या खोलीत तिच्या उंचीची दोन चाकं फिरत होती आणि त्यांच्यावरून काळेभोर दोर खाली अंधारात उतरत होते. अप्पांनी तिच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि एक झिजका ब्रश दिला. “लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उभी आहे. दोरावर तीन पट्टे ओढ. म्हणजे इथे बसल्या बसल्या कळतं, खाली लिफ्ट कुठे थांबली ते.” तिनं जीभ बाहेर काढून तीन पट्टे ओढले. अप्पांनी लिफ्ट हलवली, आणि तिचे तीन पट्टे सरकत सरकत खाली गेले आणि दिसेनासे झाले. आपण काढलेलं काहीतरी आपल्याला न दिसणाऱ्या जागी जाऊन काम करतंय, हे सुख तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हे अप्पांना कधी सांगितलं नव्हतं. शेवटचा थर वाळला तेव्हा तिनं फडक्यावर विटकरी रंग घेतला, टर्पेंटाइननं पातळ केला आणि तो सगळा पांढरेपणा मातकट करून टाकला. कोऱ्या पांढऱ्याला ती घाबरायची. मातीवर काही उगवेल असं तरी वाटतं.

पहिल्या दिवशी अप्पा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत गुंडी लावून, केस ओले करून चापूनचोपून बसवून. खुर्चीत बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर नव्हतं. ते कुठल्याशा दारात गेलं होतं, ती जन्मायच्याही आधी.

“किती वेळ?”

“तासभर.”

“आणि मी करायचं काय?”

“काही नाही. बसायचं.”

“म्हणजे बसायचं काम.” अप्पांनी खुर्चीकडे संशयानं बघितलं. “चाळीस वर्षं उभ्यानं काम केलं, नाहीतर लोंबकळून. हे मला कसं जमायचं?”

जमलं नाहीच. सरकारी कागदावर चिकटवायच्या फोटोसाठी बसावं तसे ते बसले. तिनं कोळशानं कपाळ काढलं, नाकाची रेघ, डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटीखालची सैल कातडी. माप चोख होतं. तासाभरानं लांब जाऊन बघितलं, तर घर बरोबर होतं पण घरात कुणी नव्हतं. तिनं फडकं मारलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मन घट्ट करून रंगाला हात घातला. आधी पातळ, आधी गडद जागा, डोळे बारीक करून, म्हणजे बारकावे नाहीसे होतात आणि नुसता उजेड आणि काळोख उरतो. दोन आठवडे असे गेले. दर चार दिवसांनी ती सुरीनं सगळा चेहरा खरवडून काढायची आणि खरवडलेला रंग कागदाला पुसायची. कागदावर राखाडी गोळे साठत गेले. अप्पा बिचारे रोज वेळेवर यायचे, बिस्किटं आणायचे, आणि एवढं बसूनही काही होत नाही म्हणजे आपलंच काही चुकतंय असं वाटून आणखी ताठ बसायचे. गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला, घरांची आणखी दोन चित्रं हवी होती. तिनं ‘देते’ म्हटलं. रिकामे जिने काढायला काय लागतं? त्या रात्री तिला लवकर झोप लागली आणि पहाटे जाग आली तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की सोडून द्यावं. तीन आठवडे उरले होते. अप्पांना काय, सांगू शकतो आपण, हात चालत नाहीये. ते ‘बरं’ म्हणतील. ते नेहमीच ‘बरं’ म्हणत आले.

सकाळी ते आले. ती सांगणार, तेवढ्यात बाहेर जिन्यापलीकडे लिफ्ट सुटल्याचा झटका ऐकू आला, आणि खुर्चीतला माणूस बदलला. मान दाराकडे कलली. डोळे उघडेच होते पण त्यांतलं बघणं निघून गेलं, जणू डोळ्यांनी आपलं काम कानांना देऊन टाकलं. ओठ किंचित विलग झाले. खाली असलेला तो डावा खांदा आणखी थोडा खाली आला आणि सगळा माणूस त्या आवाजाच्या दिशेनं झुकला. लिफ्ट थांबली. अप्पा परतले.

“ब्रेकचा पट्टा घासलाय,” ते म्हणाले. “दुसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते की नाही?”

“थांबते,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

“तरीच.”

तिनं सोडून द्यायची गोष्ट काढलीच नाही. जुना चेहरा शेवटचा खरवडला आणि नवा मांडला, कललेला. पण आता पंचाईत वेगळीच. ‘अप्पा, ऐका बरं’ असं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकण्याचं नाटक केलं असतं, तेही मनापासून. लिफ्टवर तिचा ताबा नव्हता, आणि सकाळी दहानंतर या इमारतीत चिटपाखरू हलत नसे. अर्ध्या मिनिटाचा चेहरा आणि वीस मिनिटांचा उपास. दोन दिवस तिनं हे सोसलं, मग सहाव्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवलं. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि अजूनही समोरच्याची वही तपासावी तसं बघणाऱ्या.

“बाई, एक वेड्यासारखं काम आहे. सकाळी दहा ते अकरा जरा लिफ्टनं वरखाली कराल?”

“कशासाठी?”

“वडिलांच्या चेहऱ्यासाठी.”

बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “किती मिनिटांनी?” एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट घड्याळासारखी चालायला लागली. दर सात मिनिटांनी झटका, घरघर, थांबा. दर सात मिनिटांनी अप्पा जायचे आणि परत यायचे, आणि ती तेवढ्यात एक एक गोष्ट पकडायची. आज भुवईखालची सावली, उद्या ओठांमधली ती न मिटलेली रेघ. पातळावर घट्ट रंग चढत गेला. गालावर तिनं हिरवट छटा घातली आणि तिच्याशेजारी विटकरी तशीच उघडी ठेवली, तेव्हा कातडीखाली रक्त हललं.

चौथ्या दिवशी अप्पा म्हणाले, “तुमच्या इमारतीत कुणालातरी काहीतरी झालंय. सारखं वरखाली चाललंय.”

“असेल कुणी आजारी.”

“आजारी माणूस इतका वेळेवर नसतो. दर सात मिनिटांनी. कामावर असल्यासारखा.” आणि ती काही म्हणायच्या आत ते उठले, बाहेर गेले, बटण दाबून लिफ्ट मजल्यावर थांबवली आणि तिचं दार उघडलं. आत घडीच्या स्टुलावर बाई बसल्या होत्या. मांडीवर जाड पुस्तक, नाकावर चष्मा.

“अजून दोन फेऱ्या राहिल्यात माझ्या,” बाई जागेवरून न हलता म्हणाल्या.

अप्पा हसले. तिच्या आठवणीत ते इतके मोठ्यानं आई होती तेव्हाच हसले असतील. जिन्यात आवाज घुमला, खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं. खुर्चीत परत येऊन बसले तरी खांदे हलत होते. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी सापडली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे चेहरा आता गेला होता. आता लिफ्ट सुटली की अप्पांना हसूच येणार.

“मला सांगायचंस ना,” अप्पा डोळे पुसत म्हणाले. “ऐकायला काय लिफ्टच लागते? तुझी आई बोलायला लागली की मी असाच बसायचो. काय बोलायची! मध्ये श्वाससुद्धा घ्यायची नाही, तो मलाच तिच्या वतीनं घ्यावासा वाटायचा.” मग थोडा वेळ ते बोटाच्या नसलेल्या पेरावरून अंगठा फिरवत राहिले. “ते तू तिचं काढलं होतंस...”

तिचा ब्रश थांबला.

“तो फोटो काढला त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. तोंड मिटून, गाल आत ओढून उभी राहिली होती बिचारी. दुसऱ्या दिवशी उपटली ती दाढ. आणि तू जशीच्या तशी काढलीस. मी बघतोय, बघतोय, तोंड मिटलेली ही बाई कोण? तिला मी कधी तोंड मिटलेली पाहिलीच नव्हती. नंतर तो फोटो शोधून बघितला तेव्हा उजेड पडला. म्हटलं सांगावं तुला, तर तू विषयच काढेनास. मग राहिलं.”

“नऊ वर्षं राहिलं?”

“राहतं तसं,” अप्पा म्हणाले.

तिला हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षं तिनं ज्याला आपला पराभव समजून गळ्यात बांधलं होतं, ती दुखरी दाढ होती. ती दाढ तिनं हुबेहूब रंगवली होती आणि तिच्याच भीतीनं शहरभरच्या घरांतली माणसं बाहेर काढली होती. तिनं ब्रश पुसला, पुन्हा रंगात बुडवला, आणि बोलायला लागली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दोरावरच्या तीन पट्ट्यांचं बोलली. रिकाम्या जिन्यांचं बोलली. एकटं राहायची सवय कशी लागते आणि सवय म्हणजे आवड नव्हे, हे बोलली. बोलता बोलता वर बघितलं, तर खुर्चीत तोच चेहरा होता. कललेला, डोळ्यांतलं बघणं कानांना देऊन बसलेला. आणि या वेळी तो जात नव्हता. लिफ्ट चार-सहा मजल्यांनंतर थांबते, माणूस मनात येईल तितका वेळ बोलू शकतो.

“त्या दिवशी रस्ता ओलांडताना,” ती म्हणाली, “ऊन डोळ्यांवर नव्हतं, अप्पा. मी तुम्हाला ओळखलं नव्हतं.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काय? पलीकडून मी बघत होतो ना तुला. म्हटलं ही एवढं टक लावून काय बघतेय? इतकं नीट मला कधी कुणी बघितलं नव्हतं, मुंगे. म्हणून मी जरा सरळ उभा राहिलो.”

त्यानंतरचे दिवस ती बोलत गेली आणि चित्र होत गेलं. बाई लिफ्टमधून बढती मिळून खोलीत आल्या, कधीमधी स्टूल घेऊन दाराशी बसायच्या, पण मध्ये बोलायच्या नाहीत. ती पाठमोरी होऊन हातआरशात चित्र बघायची, कारण आरशात चूक परकी होऊन दिसते. डावा खांदा आरशात उजवा झाला तरी खालीच राहिला, म्हणजे बरोबर होता. शर्टाच्या जागी तिनं त्या दिवशीचा स्वेटर रंगवला, त्याचं राखाडी तीनदा बदललं. हात नुसते सुचवून सोडले, फक्त ते आखूड बोट नीट केलं. मागची भिंत बरेच दिवस तिला छळत होती. तिथे खिडकी असावी का, दार असावं का? मग तिनं ती मातकट विटकरीच राहू दिली, पहिल्या दिवशीची. आणि मग एक सकाळ अशी आली की तिनं कानाच्या पाळीवर लालसर उजेडाचा एक ठिपका ठेवला, मागे सरकली, पुन्हा पुढे आली, ब्रश उचलला आणि तो कुठे टेकवावा ते तिला सापडेना. कपाळ? नको. ओठ? हात लावलास तर खबरदार. चित्र संपतं ते असं. आपल्याला जागाच उरत नाही. तिनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा केला.

“या अप्पा,” ती म्हणाली. “बघा.”

अप्पा उठले, गुडघे चोळले आणि पहिल्यांदाच खोलीच्या त्या बाजूला आले. चष्मा लावला. जवळ गेले. लांब आले. तिनं हात रंगाच्या फडक्यात गुंडाळून घेतले होते. अप्पा पुन्हा जवळ गेले. मग वळून, अगदी हळू आवाजात, चित्रातल्या माणसाला अडथळा होऊ नये अशा बेतानं म्हणाले, “ह्याला काहीतरी ऐकू येतंय.”

एवढंच. मग त्यांनी टोपी घातली, उरलेली बिस्किटं दाराशी बसलेल्या बाईंना दिली आणि गेले. ती बराच वेळ खुर्चीसमोर बसून राहिली, आणि पहिल्यांदा ती रिकामी खुर्ची तिला रंगवावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दार वाजलं. अप्पा होते. साधा शर्ट, गळ्याची गुंडी उघडी.

“अहो अप्पा, झालं ना चित्र. काल संपलं.”

“तुझं संपलं,” अप्पा आत येत म्हणाले. “एवढे दिवस मी समोरून कापडाची पाठच बघितली. तू काय करत होतीस ते मला कुठे दिसलं?” त्यांनी खुर्ची पकडली, खिडकीपासून फरफटत आणली आणि तिच्या उभं राहायच्या जागेच्या मागे, डाव्या हाताला ठेवली. बसले. पाय लांब केले. आता हे बसायचं काम त्यांना चांगलंच जमायला लागलं होतं. “जायला अजून नऊ दिवस आहेत. तू तुझं काढ. मी बघतो.”

भिंतीपाशी ताणलेलं एक कापड तयार होतं, मातकट केलेलं. ते तिनं उचलून समोर लावलं. पाठीवर त्यांची नजर पडलेली तिला जाणवली आणि ती जरा सरळ उभी राहिली.

“कुणाचं काढतेस?” मागून आवाज आला.

“अजून ठरलं नाही,” ती म्हणाली, आणि कोळसा हातात घेतला. “पण माणसाचं.”